फादर मोरितांचा प्रश्न

मी, उज्ज्वल सुदाम खोब्रागडे, वय एकोणसाठ, राहणार न्युरेम्बर्ग, मूळचा नागपूरचा, बौद्ध, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात ‘बौद्ध’ हा शब्द नव्हता.

१. राहती वोनुंग, म्हणजे इथला फ्लॅट, आणि बँकेतली शिल्लक पत्नी प्राची हिला मिळावी. बैठकीच्या खोलीत कोणता फोटो लावायचा, हे यापुढे तिनेच ठरवावं. आजवर ते मी ठरवलं आणि बाबासाहेबांना झोपायच्या खोलीतल्या कपाटात ठेवलं.

२. नागपूरला इंदोऱ्यातलं वडिलांचं घर बहीण लता हिला. ती इथे आली तेव्हा भिंती बघत फिरली आणि म्हणाली, “दादा, बाबासाहेब कुठं आहेत?” मी कपाट उघडून दाखवलं. भाऊ पद्माकर याने त्या घरावर हक्क सांगू नये. वडिलांच्या आजारपणात तो फिरकला नाही. मीही फोनच करत राहिलो, हे खरं आहे.

३. पांढऱ्या चिनीमातीची कान्नोनची मूर्ती मुलगी मैत्री हिला.

ही मूर्ती समोरच्या चर्चमधले निवृत्त पाद्री फादर मोरिता यांनी मला दिली. ते नागासाकीजवळच्या उराकामीचे. जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर बंदी होती, तेव्हा त्यांचे पूर्वज बौद्धांच्या या करुणामूर्तीसमोर बसून मनात येशूच्या आईची, मारियाची प्रार्थना करत.

गेल्या दिवाळीत इथल्या मराठी मंडळातली माणसं आमच्याकडे जेवायला होती. फादरही होते. कार्ल्सरूहेला माझ्याबरोबर शिकलेल्या श्रीनाथने मूर्तीबद्दल विचारलं. फादरांनी जर्मनमध्ये सांगितलं, की दोनशेहून जास्त वर्षं गावात पाद्री नव्हता, गावकरीच बाळांना बाप्तिस्मा देत. दरवर्षी अधिकाऱ्यांसमोर येशूच्या प्रतिमेवर पाय ठेवावा लागे, मग घरी येऊन ते क्षमा मागत. फादरांच्या पणजीने शेवटी लपणं सोडलं. तिला मुलांसकट दूरच्या प्रांतात हद्दपार केलं. तिथे तिची मुलगी उपासमारीने गेली. पणजीने तरी धर्म सोडला नाही.

श्रीनाथ मराठीत म्हणाला, “आपल्याकडे असं कधी कुणाला लपावं लागलं नाही. काय रे उज्ज्वल?”

“गेनाऊ, अगदी बरोबर,” मी म्हणालो.

मैत्री मराठी बोलत नाही, पण तिला सगळं समजतं. ती उठली, कपाटातला फोटो घेऊन आली आणि भाताच्या भांड्याशेजारी ठेवला. फादरांना जर्मनमध्ये म्हणाली, “हे आमचे. पाहुणे येतात म्हणून पापा यांना कपाटात ठेवतात.” प्राचीने आपलं ताट सरकवून फोटोला जागा केली.

मग फादर माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, “माझ्या माणसांवर तलवार होती. तुमच्यावर कोणाची आहे?”

जानेवारीत फादर वारले, तोवर मी उत्तर दिलं नव्हतं. इथे लिहितो. कोणाचीच नव्हती. नोकरी गेली नसती, घर गेलं नसतं. फार तर जेवायची आमंत्रणं कमी झाली असती. एवढ्यासाठी मी हे केलं आणि प्राचीला करायला लावलं, याची मला लाज वाटते.

४. अंत्यविधी बौद्ध पद्धतीने व्हावा. वर्तमानपत्रातल्या सूचनेत आडनावासकट नाव छापावं; मंडळात मी ते सांगायचं टाळत आलो. मंडळातल्या सगळ्यांना कळवावं.

५. अवजारांची पेटी श्रीनाथला द्यायची होती. पण साक्षीदाराच्या नावे काही ठेवू नये म्हणतात, आणि साक्षीदार म्हणून मला तोच हवा आहे. पेटी मैत्रीने घ्यावी.

इथल्या कायद्याला साक्षीदार लागत नाहीत, नागपूरच्या घरासाठी लागतात. म्हणून श्रीनाथला बोलावलं आणि कच्चा खर्डा वाचायला दिला. तिसरं कलम त्याने दोनदा वाचलं. मी म्हणालो, “तुझं वाक्य हवं तर काढतो.”

“नको,” तो म्हणाला. “बोललो होतो मी. खाली माझंही पूर्ण नाव लिही.”

साक्षीदार:
१. श्रीनाथ श्रीधर आगाशे (सही)
२. नीलिमा वासनिक (सही)

उज्ज्वल सुदाम खोब्रागडे (सही)
न्युरेम्बर्ग, १८ मार्च २००७