तुझ्या आईची डबी

ता. अकोले, जि. अहिल्यानगर
१२ जानेवारी २०२५

चि. सीमास,

आण्णाचा सप्रेम जयभीम. सचिनरावांना आणि तुझ्या सासूबाईंना जयभीम सांग. निकिताला आजोबांचा पापा.

मी बरा आहे, काळजी करू नकोस. इकडे थंडी फार आहे. सकाळी धरणाच्या बाजूने धुकं येतं ते ऊन तापेपर्यंत हटत नाही. भात झोडून घरात आला, पोती मागच्या खोलीत लावली आहेत. तुमच्यासाठी एक पोतं बाजूला काढलं आहे. शेळी लंकावहिनींच्या गोठ्यात बांधली, पण सुटली की आपल्याच दारात येते. भाकरी अजून वहिनीच पाठवतात. मी थापायला शिकतो आहे. थापता येते, तव्यावर टाकताना मोडते.

आईच्या जलदान विधीला ज्यांना येता आलं नाही ते अजून भेटायला येतात. मी ऐकून घेतो. मला बोलायला सुचत नाही हे तुला माहीत आहे. फोनवर तर अजिबातच नाही. तुझा फोन लागतो, पण तू उचलत नाहीस. कांद्याच्या लागवडीत असशील. म्हणून पत्र लिहितो.

जाताना तू आईची डबी मागितलीस आणि मी "बघतो" म्हणालो. एसटी सुटली तेव्हा तू खिडकीतून माझ्याकडे बघितलं नाहीस. डबी शोधली, सापडत नाही. आजारपणात घरात एवढी माणसं येऊन गेली, कुठे गेली कोण जाणे. तिची हिरवी साडी आणि जोडवी तुझ्यासाठी ठेवली आहेत, ती घेऊन जा.

निकिताची दाढ थांबली का? कोमट पाण्यात मीठ टाकून गुळण्या करायला लाव आणि दातांच्या डॉक्टरला दाखव. दुसरं काही लावू नकोस.

त्या दिवशी जेवताना तू ठेचा बाजूला सारलास. फार तिखट झाला होता का? सहज विचारतो.

तुझा
आण्णा


२ फेब्रुवारी २०२५

चि. सीमास,

सप्रेम जयभीम.

पत्र पोचल्याचं परवा कळलं. "आण्णा, सोनं मागितलं का मी? आईची एक डबी मागितली. ती पण मिळंना का मला?" एवढं बोलून तू फोन ठेवलास. मागे तुझ्या सासूबाईंचा आवाज येत होता. हे पत्र एकटी असताना वाच.

डबी सापडत नाही असं लिहिलं ते खरं नव्हतं. डबी माझ्याजवळ आहे. पितळेची, झाकणावर पोचा आलेली, तीच. कोनाड्यात ठेवली आहे. एवढं मोठं पत्र मी कधी लिहिलेलं नाही. नोकरीत धरणाच्या पाण्याची पातळी लिहायचो, त्यात आकड्यांपलीकडे काही नसतं. त्यामुळे पुढेमागे झालं तर समजून घे.

डबी रिकामी आहे. नाशिकला आईच्या जिभेचा तुकडा काढून तपासायला दिला होता, त्याचा रिपोर्ट आला त्या दिवशी ती घरी आली, चप्पल काढायच्या आधी कमरेची डबी काढली आणि सगळी मशेरी मोरीत ओतली. मग राखेने डबी घासली. ज्या तव्यावर ती तंबाखू भाजायची तो तवा भंगारवाल्याला देऊन टाकला. मला म्हणाली, "काय बघताय? तोंड माझं हाय. मीच घान केलं, मीच धुनार."

तोपर्यंत तिच्या जिभेवरचा पांढरा चट्टा आम्ही उष्णताच समजत होतो. सब्जा झाला, गुलकंद झाला, तुरटीच्या गुळण्या झाल्या. तिखट खाल्लं की ती पाण्याचा तांब्या जवळ ओढायची. पुढे पुढे भाकरी कुस्करल्याशिवाय खाईना. मी समोर बसून जेवत होतो.

मशेरी सोडणं तिला सोपं गेलं नाही. ते तुला कळायला हवं म्हणून सविस्तर लिहितो. पहिले काही दिवस डोकं जड असायचं, पोट साफ होत नव्हतं, भांडी आपटायची. माझ्यावरही ओरडायची, आणि ती कधी ओरडणारी नव्हती. हात आपोआप कमरेला जायचा. मग तिने कमरेच्या पिशवीत बडीशेप आणि ओवा भाजून ठेवला. सकाळी उठल्यावर कोमट पाणी प्यायची आणि बांधापर्यंत चालून यायची. त्या एका वेळी तलफ जास्त येते असं म्हणायची. ती वेळ टळली की दिवस निघतो.

तेव्हा भाताची आवणी चालू होती. ती ऐकेना, शेतात गेलीच. तुला माहीत आहे, न्याहारीला बायका बांधावर बसल्या की एकीची डबी सगळ्यांत फिरते आणि कोणी नको म्हणालं तर रुसल्यासारखं होतं. लंकावहिनींनी डबी पुढे केली.

"घे की विमल. का तुझं तोंड आता सरकारजमा झालं?"

"जाऊबाई, तुमच्या डबीला सांगा, माझ्याकडं बघू नको म्हनावं. आमचं भांडान झालंय."

"आमची माय चाळीस वर्सं लावती. काय झालं तिला? दात बघ, बत्तीसच्या बत्तीस!"

"मंग तिला म्हनावं माझी जीब बी बघून जा."

सगळ्या हसल्या. आईही हसली. वहिनींनी डबी कमरेला लावली आणि मग कितीतरी वेळ कोणीच कोणाला मशेरी दिली नाही. हे मी पलीकडच्या बांधावरून पाहिलं आहे.

तिने पुन्हा शेवटपर्यंत मशेरीला हात लावला नाही. तुला असं वाटत आलं की ती मन मारून राहिली आणि आतून झुरत होती. तसं नव्हतं, सीमा. दिवाळीच्या आधी तर ती म्हणायची की पदराचा वास आता फक्त साबणाचा येतो.

आता पुढचं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी वॉर्डात मी तिचे पाय चेपत होतो. ती म्हणाली, "सीमाला पैली मीच लावली हो. दाढ दुखत हुती, पोर रडून लाल झाली हुती. चिमूटभर चोळली. गुंगी येऊन झोपली. मला तव्हा बरं वाटलं, पोर निजली म्हनून." मग म्हणाली, "ती अजून लावती. मला वास येतो. माझं सुटलं तव्हापासून मला दुसरीचा लांबून येतो."

मी म्हणालो, मी सांगतो तिला. तर माझा हात धरून म्हणाली, "तुमी न्हाई सांगायचं. बापानं सांगितलं की पोरगी लपवती. मी आई हाय, मीच लावली, मीच सांगन."

तुला फोन लावला, तुझ्या सासूबाईंनी उचलला. निकिताची परीक्षा आणि घरात पाहुणे, म्हणून तुला निघता आलं नव्हतं. आई म्हणाली, राहू द्या, समोर आल्यावर बोलते. डॉक्टरांनी बोलणं जाईल असं सांगितलं होतं, पण ते इतकं जाईल हे आम्हाला समजलं नव्हतं. लिहायला तिला कधी आलंच नाही. सही तेवढी यायची.

त्यानंतर तू आलीस, राहिलीस, नळीतून दूध घातलंस, तिचं सगळं केलंस. त्याबद्दल तुला कोणी काही म्हणू शकणार नाही.

तिच्या शेवटच्या आठवड्यात मी औषधं आणायला संगमनेरला गेलो होतो. परत आलो तेव्हा वहिनी दारातच म्हणाल्या, "भावजी, सीमानं आईची विच्छा पुरी केली बगा." तू तिच्या उशाशी रडत होतीस. मला सांगितलं की आईने बोटाने मशेरी मागितली आणि तू लावलीस. मलाही तेव्हा बरं वाटलं. एवढ्या हालातून काही तरी तिच्या मनासारखं झालं असं वाटलं.

मग जलदान विधीच्या जेवणात तू ठेचा सारलास. भाकरी वरणात कुस्करलीस. तांब्या जवळ ओढलास. मी समोर बसलो होतो. संध्याकाळी तू डबी मागितलीस तेव्हा मला हो म्हणता आलं नाही. तोवर आईच्या त्या बोटाबद्दल नुसती शंका होती.

पहिलं पत्र टाकलं त्याच आठवड्यात वहिनी भाकरी घेऊन आल्या आणि उंबऱ्यावर बसल्या. मी त्यांना विचारलं, त्या दिवशी विमलने बोट कसं केलं होतं ते दाखवा.

त्यांनी करून दाखवलं. "आदी सीमाकडं बोट केलं. मंग आपल्या दाताला लावलं. मंग हात असा हालवायली, दे दे म्हनून. आमी म्हनलं, जीव अडकलाय, द्या गं कुनीतरी. घरात तर तिनं काय ठेवलंच नव्हतं. माझी संपली हुती. मंग सीमानंच पर्समधून आपली काढली. बोट तोंडाशी नेलं तर विमलनं तिचं मनगट असं घट्ट धरलं, सोडंच ना. डोळ्यातून पानी! लई समाधान झालं तिला, भावजी."

मी म्हणालो, हो. वहिनींना यापेक्षा जास्त काही सांगितलं नाही आणि सांगणारही नाही.

पण तू तो हात आठव. आधी तुझ्याकडे बोट. मग दाताला. मग हात हलवला. आपण नको म्हणताना हात असाच हलवतो.

मी तिथे नव्हतो. माझं चुकत असेल तर मला बरंच वाटेल. पण तिने स्वतः मोरीत ओतलेली वस्तू ती मागेल असं मला वाटत नाही. मला वाटतं ती तुला तेच सांगत होती जे ती समोर आल्यावर सांगणार होती. आणि मनगट धरलं ते तुझा हात तोंडाशी ओढायला नाही.

हे लिहू नये असं मला रोज वाटलं. आईसाठी शेवटी काहीतरी करता आलं, एवढा एकच आधार तुला आहे, हे मला कळतं. तो मी काढून घेतो आहे. तुझं चुकलेलं नाही. तिथे बसलेल्या सगळ्यांना तसंच वाटलं, मलाही वाटलं. मरणाऱ्या माणसाला कोणी नाही म्हणत नाही. तू प्रेमानेच केलंस आणि आईलाही ते कळलं असणार, कारण तिला तू कळत होतीस. पण हे मी मनात ठेवलं तर तिचं बोलणं तसंच अर्धं राहील, आणि तू आरशासमोर तोंड उघडून बघणार नाहीस.

बघ. जिभेच्या कडेला, गालाच्या आत. पांढरं काही दिसलं, किंवा न भरणारी जखम दिसली, तर उष्णता म्हणू नकोस. दिसलं नाही तरी दाखवायचंच आहे. डॉक्टर आम्हाला म्हणाले होते की वेळेवर आलं तर पुष्कळ काही वाचतं. आईच्या वेळी ते वाक्य ऐकून उपयोग नव्हता. तुझ्या वेळी आहे. सरकारी दवाखान्यात तंबाखू सोडायला मदत करणारी माणसं बसतात, औषधही देतात. लाजायचं कारण नाही. तलफ सकाळची जास्त असते, ती वेळ चालण्यात घालव. बडीशेप आणि ओवा मी भाजून आणतो. जळतो थोडा, पण खाता येतो.

निकिताच्या दाढेला काय लावलंस ते मी विचारत नाही. तुझी आई रडून लाल झालेल्या पोरीला गप करायला बघत होती, तशीच तूही बघशील, एवढंच माझ्या मनात येतं.

सोमवारी, १० तारखेला, मी सकाळच्या गाडीने निघतो. आधी संगमनेर, तिथून श्रीरामपूर. बेलापूरला तुमच्या घरी येत नाही. सासूबाईंना काय सांगायचं ते तू ठरव. निकिताची दाढ दाखवायची आहे असं सांगितलंस तर ते खोटंही होणार नाही. दोघी श्रीरामपूरच्या स्टँडवर या, तिथून सरकारी दवाखान्यात जाऊ. आधी तू तोंड दाखव, मग ती दाढ दाखवेल. मी बाहेर बाकावर बसेन. आत आणि बाहेर मी काही बोलणार नाही. पत्राचं उत्तर नको, फोनही नको. मी स्टँडच्या पाटीखाली उभा राहीन.

डबी घेऊन येतो. ती तुझीच आहे. आईने घासून ठेवली तशीच आहे, आत काही नाही. निकिताच्या कानातले ठेव त्यात. मी झाकणाचा पोचा काढायचा प्रयत्न केला, पण निघाला नाही. तिच्या अंगठ्याची जागा तिथेच होती, म्हणून मग राहू दिला.

तुझ्या आईने सांगू नका म्हटलेलं, पण तिला पुरं सांगता न आलेलं सांगणारा,

तुझा
आण्णा