बंद घरांतले दिवे

४ नोव्हेंबर

चि. पोपटास,
मावशीचे अनेक आशीर्वाद.

तू फोन करत होतास, ते यंत्रावरचा लाल दिवा लुकलुकला त्यावरून कळलं. पण अरे, मी उचलून करू काय? जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजात बसून लोकांची बोलणी जोडून दिली, आणि आता स्वतःच्याच कानांचा पत्ता नाही. म्हणून म्हणते, पत्र लिही. तुझं अक्षर कोंबडीचे पाय असलं तरी मला लागतं.

गल्ली कशी आहे विचारलंस. बघण्यासारखी आहे, राहण्यासारखी उरली नाही. कोपऱ्यावरचे हाडांचे डॉक्टर उन्हाळ्यात पंधरवडाभर येतात. काचेच्या घराचे मालक म्हणे जहाजांचे धनी, त्यांचा माळी मी पाहिलाय, ते कसे दिसतात देव जाणे. बाकी सगळी कुलपं. तुझ्या ऑफिसने बसवलेले दिवे तेवढे संध्याकाळी आपोआप लागतात आणि निजायच्या वेळी आपोआप विझतात. समुद्रावर फिरायला येणाऱ्यांना वाटावं, काय भरलेली वस्ती! नाव मोठं, लक्षण खोटं.

पण आज लिहायला बसले ते दुसऱ्याच कारणाने. मला भीती वाटते रे.

शेजारचं शिवणबाईचं घर तूच गेल्या वर्षी विकून दिलंस. घेणारा एकदाही फिरकला नाही. शिवणबाई मुलाकडे गेली. जाताना तोरा केवढा, की तिकडे स्वतंत्र खोली, मशीनला खिडकीपाशी जागा. तिच्याशिवाय मला करमत नाही, हे वेगळं सांगायला नको. मला हाक ऐकू येत नाही म्हणून ती स्वयंपाकघरातला दिवा दोनदा घालवून लावायची. म्हणजे चहा टाकलाय, ये. आता तिथे कोण चहा टाकणार?

तर परवा तिन्हीसांजेला त्याच स्वयंपाकघरात उजेड दिसला. तुझे आपोआप लागणारे दिवे दिवाणखान्यात आहेत, स्वयंपाकघरात नाहीत, हे मला पक्कं ठाऊक आहे. मग पडदा हलला आणि उजेड गेला. सकाळी मागच्या पायरीवर वाळूचे ओले ठसे होते. माणसाला निदान चाहूल तरी लागते. मला कोणी मागे येऊन उभं राहिलं तरी कळायचं नाही.

काय ते बघ. सुनेला आशीर्वाद. मावशीची आठवण जागी असू दे.

तुझी,
मावशी

८ नोव्हेंबर

ती. मावशीस,
साष्टांग नमस्कार.

पत्र वाचून हसलो, रागावू नकोस. समुद्राचा वारा पडदे हलवतो आणि तू त्याला माणूस करतेस. घराच्या चाव्या माझ्या खणात आहेत, आत कोण जाणार? ठसे म्हणशील तर समुद्रावर फिरणारी माणसं कुठेही चढतात. उजेडाचं म्हणशील तर एखादं बटण बिघडलं असेल.

आमच्या नव्या पत्रकात तुझ्या गल्लीबद्दल काय छापलंय, ऐक: ‘शांत, प्रतिष्ठित वस्ती. रहिवासी: नामांकित शल्यविशारद, उद्योगपती, निवृत्त उच्चाधिकारी. घरांना मागणी वाढती.’ त्यात एक्स्चेंजातली मावशी बसत नाही, म्हणून तिला वगळलं आहे! चेष्टा सोड, पण एक मनापासून सांगतो. शिवणबाईचं घर मालक पुन्हा विकायला काढतोय; ते आणि तुझं घर मिळून घ्यायला लोक टपलेत. तू हो म्हण. वरची खोली तुझ्यासाठी कधीची झाडून ठेवली आहे. आई गेल्यापासून मला मोठं माणूस तूच. तिथे एकटी कशाला भुतांशी बोलत बसतेस?

वेळेवर ऊन-ऊन जेव आणि दारं लावून नीज. माझ्यावरचा राग लोभात बदलून टाक.

तुझा,
पोपट

१२ नोव्हेंबर

चि. पोपटास,
आशीर्वाद.

वारा म्हणालास ना? वाऱ्याला बटण शिवता येतं का रे?

काल दुपारी भरून आलं आणि सोसाट्याचा वारा सुटला. मी आत पडले होते, मला कुठलं कळायला? उठून बघते तर दोरीवर एक कपडा नाही. पायरीवर सगळे घडी घालून ठेवलेले, वर दगड. आणि माझ्या निळ्या गाऊनचं बटण, जे महिनाभर लोंबत होतं, ते घट्ट शिवलेलं! पोपटा, चोर आला असता तर ओरडले असते. हा कोण, जो माझ्या अंगणात येतो, माझे कपडे हाताळतो, आणि सुईदोरा घेऊन बसतो? गाऊनला हात लावायचा धीर होईना. चिमट्याने उचलून कपाटाच्या तळाशी टाकलाय.

पुढचं ऐक. संध्याकाळी शेजारच्या खिडकीत सावली सरकली. माझी पाचावर धारण बसली. चपलाही न घालता निघाले ती समोरच्या घराकडे. तिथे छान पिवळा उजेड होता. मला वाटलं, आले असतील मालक, आज माणसं आहेत. मी घंटा वाजवली, दारावर मुठी आपटल्या. कोणी येईना, म्हणून काचेतून आत पाहिलं. टेबलावर चौघांची ताटं मांडलेली. पेले, रुमाल, मध्ये फळांची परडी. एक खुर्ची तर अशी मागे सरकवलेली, जणू कोणी आत्ताच उठून गेलंय. आणि सगळ्यावर धुळीचा थर. फळं प्लास्टिकची. मग मला आठवलं, घर बघायला येणाऱ्यांना घर भरलेलं वाटावं म्हणून हे तुम्हीच मांडता, तूच एकदा कौतुकाने सांगितलं होतंस. मी पुढच्या घराशी गेले, तिथेही उजेड, तिथेही कोणी नाही. त्याच्या पुढच्या घराशीही तेच. रडत घरी आले, खरं सांगते. अंधाराची इतकी भीती वाटली नसती, जेवढी त्या दिव्यांची वाटली.

आता हसू नकोस. काहीतरी कर. त्या घराला असं कुलूप ठोक की मुंगीसुद्धा आत जाणार नाही. मी कपाट दाराला लावून झोपते आहे.

तुझ्या आधाराची वाट बघणारी,
मावशी

१६ नोव्हेंबर

ती. मावशीस,
साष्टांग नमस्कार.

चुकलो. हसायला नको होतं. पत्र वाचल्यावर मलाही जेवण गेलं नाही. कोणीतरी बेघर माणूस त्या घरात राहतो आहे, यात शंका नाही. अशा बंद घरांत हे हल्ली फार होतं, आमच्या धंद्याची तीच डोकेदुखी आहे.

आता निश्चिंत हो. पहारेकऱ्यांची कंपनी उद्या जाऊन येईल, कुत्राही नेतील. ते हाकारे घालतील, कोणी असेल तर निघून जाईल. मग पुढच्या-मागच्या दाराला बाहेरून नवी कुलपं, खिडक्यांवर लोखंडी झडपा, पाण्याची मुख्य तोटी बंद. आत राहणं अशक्य केलं की पुन्हा कोणी येत नाही. धोक्याची घंटाही बसवायला सांगितली आहे. वायरमन गुरुवारी येऊन वीज तोडेल, म्हणजे तुला भलत्या वेळी भलता उजेड दिसायला नको. तू मात्र घरातच थांब, मध्ये पडू नकोस.

हे मार्गी लागलं की तुझ्या घराचं शांतपणे बोलू.
तुझ्या मायेच्या सावलीत राहू इच्छिणारा,
पोपट

१९ नोव्हेंबर, गुरुवार सकाळ

चि. पोपटास,
आशीर्वाद आहेतच, पण आज ते दात ओठ खाऊन देते आहे.

तुझं पत्र काल दुपारी आलं. तोवर सगळं झालं होतं. मंगळवारी रात्री मी किती सुखाने झोपले म्हणून सांगू! मंगळवारी पहारेकरी आले, कुत्रा आला, झडपा पडल्या, आणि मी खिडकीत उभी राहून मनात म्हटलं, भाचा असावा तर असा.

काल संध्याकाळी चहाचं भांडं विसळत होते. समोर शेजारच्या स्वयंपाकघरात, झडपेच्या वर छताशी जो काचेचा झरोका आहे ना, तेवढा झाकायचा राहिलाय, तिथे उजेड गेला आणि आला. गेला आणि आला. मी भांडं खाली ठेवलं. थोड्या वेळाने पुन्हा दोनदा.

पोपटा, बेघर माणसाला माझा चहा कसा ठाऊक असेल?

कपाट उघडून तळाशी टाकलेला गाऊन काढला. बटणाच्या खाली दोऱ्याचे वेढे घालून बारीकशी मान केलेली. बटण असं सगळ्या जगात एकच बाई शिवते. ते पहिल्याच दिवशी बघितलं असतं तर? पण मी भीतीने चिमट्याने धरला होता ना!

मग काय झालं ते मला नीट आठवतही नाही. स्टूल, पाण्याची बाटली आणि वरवंटा घेऊन मी गेले, एवढं खरं. स्टूलवर दोनदा चढता चढता उतरले. मनात एकच, गुरुवारी वीज तोडणार. उद्या हा दिवाही जाणार, मग ही बाई मला सांगणार कशाने? वरवंट्याने काच फोडली. आतून हात वर आला. सुरकुतलेला, तर्जनीला सुयांनी टोचून टोचून घट्टा पडलेला. त्या हाताने बाटली धरली आणि सोडेचना. मला तिचं बोलणं ऐकू येत नव्हतं, तिला माझा चेहरा दिसत नव्हता. मी नुसती तो हात धरून उभी होते.

काच फुटताच तुझी धोक्याची घंटा बोंबलायला लागली होती म्हणे. मला काय पत्ता! शिवणबाई सांगते (समोर असली की तिचे ओठ मला वाचता येतात), कानठळ्या बसत होत्या, समुद्रापर्यंत गेला असेल आवाज. सगळ्या गल्लीत दिवे लागलेले होते, पोपटा, आणि एका घराचं दार उघडलं नाही. शेवटी पहारेकरी आले ते माझ्यावरच कुत्रा सोडायला निघाले. भीक नको पण कुत्रा आवर, अशी गत. मी त्यांना वरवंटा दाखवला आणि म्हटलं, आधी कुलूप काढा, मग खुशाल मला चावू दे त्याला.

ती बाहेर आली तेव्हा ओठ फुटले होते. मंगळवारपासून पाण्याचा थेंब नाही. पहारेकऱ्यांनी हाकारे घातले तेव्हा लाजेने कपड्यांच्या कपाटात लपून बसली होती, आणि कुत्रा त्यांनी अंगणातच बांधला होता. मुलाकडे स्वतंत्र खोली वगैरे काही नव्हतं. जायच्या-यायच्या वाटेवर खाट होती, मशीन कधीच विकून टाकलं होतं. मागच्या दाराची एक चावी तिच्याकडेच राहिली होती. तू मागितली नाहीस, तिने दिली नाही. मुलाला बहिणीकडे जाते म्हणून सांगून आली, म्हणजे कोणी शोधायचा प्रश्नच नाही. माझ्याकडे का आली नाहीस म्हणून मी फाडफाड बोलले. तर म्हणते, एवढा तोरा मिरवून गेले, कोणत्या तोंडाने येऊ? शिवाय तुझा भाचाच दलाल, तुला अडचण. आणि मग म्हणते, तुझं बटण लोंबताना बघवेना.

कुलूप ठोक म्हणून मीच लिहिलं होतं. तिला आत कोंडायला मीच सांगितलं. रात्रभर तिच्या उशाशी बसून तेच आठवते आहे. तिला तापही आहे, डॉक्टर दुपारी येतील. तो उतरेपर्यंत माझ्या जिवाला स्वस्थता नाही.

तुला मात्र दोन गोष्टी बजावते. हे माझं घर विकायचं नाही. ती इथेच राहील, माझ्याजवळ. पत्रकात रहिवासी म्हणून छापायचं तर आम्हा दोघींना छाप.

दुसरं, ते दिवे काढ. अंधार आहे तिथे अंधार दिसू दे. म्हणजे माणूस जीव मुठीत धरून धावेल, तेव्हा कुठल्या दाराशी धावायचं ते तरी त्याला कळेल.

तुझीच, पण आज जरा कमीच,
मावशी

२४ नोव्हेंबर

ती. मावशीस,
साष्टांग नमस्कार. तिच्याही पायांवर डोकं ठेवतो.

डॉक्टरांशी मी बोललो. ताप उतरला, धोका टळला म्हणाले, तेव्हा कुठे हे पत्र लिहायला हात धजावला. ‘पाण्याची मुख्य तोटी बंद’ असं मी किती ऐटीत लिहिलं होतं गं! ते वाक्य डोळ्यांसमोरून हलत नाही.

काल गल्लीत आलो होतो. संध्याकाळपर्यंत तुला कळलं नसेल. दिवसभर एकेका घरात शिरून आपोआप लागणारे दिवे काढले, समोरच्या घरातल्या टेबलावरची ताटंही उचलली. मालक ओरडतील, ओरडू देत. निघताना संध्याकाळ झाली. गाडीत बसलो आणि मागे वळून पाहिलं, तर समुद्रापर्यंत सगळा काळोख. इतकी वर्षं ही गल्ली विकतो आहे, मावशी, पण ती मला अशी कधी दिसली नव्हती. दिव्यांनी झाकलेल्या याच काळोखात तू अनवाणी दारं ठोठावत होतीस.

मग तुझी एक खिडकी दिसली. आत दोन डोकी, एक शिवणावर वाकलेलं. तू उठलीस, बाहेर बघितलंस, माझ्या गाडीचे दिवे तुला दिसले असणार. तुझ्या स्वयंपाकघरातला दिवा गेला आणि आला. पुन्हा गेला आणि आला.

मला कळलं गं, तो कोणासाठी होता ते. पण दारात येऊन तिच्यापुढे उभं राहायचा धीर झाला नाही. पळून आलो.

रविवारी पुन्हा येतो. तेवढा दिवा पुन्हा एकदा लाव.

तुझा,
पोपट