तांबडीसाठी नेसलेलं लुगडं

जनावरांची छावणी, संगमनेर
१२ फेब्रुवारी १९७३

सौ. आक्काबाईस आशीर्वाद. मी आन् आपली गाय, दोघंबी खुशाल हाय.

तांबडी व्याली, कालवड झाली! पन तिला तुझ्या हाताची सवय. मला कासेला हात लावू देईना. दोनदा लाथ मारून चरवी उलथली. शेवटी तू अंथरायला दिलेलं जुनं लुगडं नेसलो, डोईवर पदर घेतला आन् धारेला बसलो. समदी छावणी हसून लोळली, पन तांबडी लगेच पान्हावली.

आता आमी सात जन मिळून एकच कॅन डेअरीला पाठवतो. चाऱ्याला उसाचं वाढं रोज मिळतंच असं न्हाई, पन ज्याला कमी पडंल त्याला दुसरा देतो. काळजी करू नगंस. दुष्काळी कामावर खडी फोडून तुझ्या हाताला लई घट्टे पडलेत का? आईचा खोकला कसा हाय?

हसनाऱ्यांच्या गायीबी आता पान्हा चोरतात. ते तुझं लुगडं उसनं मागत हुते. मी दिलं न्हाई.

रतनताई, तू हे वहिनीला मोठ्यानं वाचून दावत असशील. एवढं मात्र आईसमोर नगं, तिच्या कानात सांग: त्या लुगड्याला तिचा वास हाय. तांबडीला तो लागतो. मलाबी लागतो.

कानिफनाथ