पाहुण्याला बेल्ल

कडगंची, ३ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. बसव्वाकाकूंस,
स्नेहाचा सा. न. वि. वि.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि तुमच्याशी बोलल्याशिवाय मला करमत नाही, म्हणून हे पत्र. वर्गासाठी मी सिनेमा करायलेय. खोल पाण्यात उतरलेल्या पाणबुड्याला दुसऱ्या ग्रहावरचा जीव भेटतो, अशी गोष्ट. शूटिंग माझ्या वर्गातल्या शैलश्रीच्या शेतातल्या विहिरीत. वर्गातलाच प्रशांतकुमार पाणबुड्या झालाय आणि शैलश्री चंदेरी कापड गुंडाळून परग्रहावरची. वर आली की बिचारीचे दात वाजतात.

पण शेवटच सुचेना. भेटल्यावर दोघं करतात काय? मी पाणबुड्याला भाला मारायला लावला, तर सर म्हणाले की असले शेवट पाहून कंटाळा आलाय, दुसरा आणला तरच सिनेमा लावू. काकू, वर्षभर याच्याच मागं आहे मी. सिनेमा अडलाय हे आईला सांगू नका, उगाच रडेल.

माया पातळ होऊ देऊ नका.
स्नेहा

औराद, ९ फेब्रुवारी

चि. स्नेहास काकूचे पोटभर आशीर्वाद.

अगं बया, पाहुणा आला आन तू भाला मारायलीस? कामून? त्यानं काय तुझं घोडं मारलंय?

मी आळंदकडून लग्न करून हितं आले, तवा मला मराठीचं एक अक्षर येत न्हवतं आन तुमच्या घरात कन्नड कोणालाच न्हाई. तुझी ती चंदेरी म्हंजे मीच की! एकदा जेवताना भीत भीत बेल्ल मागितलं. आमच्यात बेल्ल म्हंजे गूळ. तुझा काका पळत गेला आन बेलाचा पाला आणून ताटात टाकला! सून लई देवभक्त निघाली म्हणून सासूबाई हरखल्या. मी आपली हमसून रडायलेय.

मग तुझी आई उठली. माझं मनगट धरून सैपाकघरात नेलं आन एकेक डबा उघडून दाखवत गेली. गुळाचा डबा उघडला आन मी हसले. अक्कानं, म्हंजे तुझ्या आईनं, खडा माझ्या हातावर ठिवला. त्या दिवशी हे घर माझं झालं. तिला मातर हे कधी बोलले न्हाई बघ.

तुझ्या पाहुण्याला पाणी देऊन काय उपयोग, तो ऱ्हातोच पाण्यात. गूळ दे.

जेवत जा. जीव तुझ्यातच हाय.
काकू

कडगंची, २० फेब्रुवारी

ती. सौ. काकूंस सा. न. वि. वि.

काकू, पाया पडते! पाणबुड्यानं गूळ पुढं केला, पण शैलश्रीच्या हाती लागेपर्यंत तो पाण्यातच विरायचा. कितीदा केलं तरी तेच. मी डोकं धरून बसले. नंतर पडद्यावर बघितलं, तर दोघांच्या मधलं पाणी तांबूस झालेलं आणि शैलश्री तोंड उघडून तेच प्यायलेली. सर म्हणाले की हाच शेवट ठेव. एक तारखेला लावणार आहेत. आईला घेऊन याच. पाण्यात कोणी बोलत नाही, तेव्हा कानांची काळजी नको.

तुमच्या उपकारातली,
स्नेहा

औराद, ४ मार्च

चि. स्नेहास आशीर्वाद.

पोरी, जन्मात पहिल्यांदा अख्खा सिनेमा कळला मला. गूळ विरघळला तवा अक्कानं अंधारात माझं मनगट धरलं. घरी येईस्तोवर सोडलं न्हाई.

काल जेवायला बसलो, तर माझ्या ताटात बेलाचं पान! मी रुसल्याचं सोंग केलं. पान उचललं तर खाली गुळाचा खडा. दोघी हसता हसता रडलो. मग धीर करून सांगितलं तिला, की अक्का, तुमी भाला मारला न्हाई, लई उपकार झाले.

तुझीच,
चंदेरी काकू