विहिरीवरची मॅक्सिम

रविवार, १२ मे १९६३

मुंबईहून निघालेली आमची बोट सहाव्या दिवशी सकाळी साडेआठ वाजता दुबईच्या खाडीबाहेर नांगरली. तेथून लाँचने धक्का गाठण्यास चाळीस मिनिटे लागली. माझ्या पत्नीला, जहांआराला, वाटेत चार वेळा उलटी झाली. पाचव्या वेळी ती म्हणाली की, आता पोटात फक्त तुमच्या चुलतभावांचा सल्ला उरला हाय, तोही काढून टाकते. या वयात परदेशी जाऊ नये, असा तो सल्ला होता.

धक्क्यावर जमालशेठ स्वतः लँड रोव्हर घेऊन हजर होते. ते बाणकोटचे, शाळेत माझ्यापुढे दोन इयत्ता. जहाजांना दोर, रंग आणि शिधा पुरवण्याच्या व्यापारात येथे त्यांची तीस वर्षे गेली. आता त्यांना एक छंद जडला आहे: जुन्या मशीनगन जमवणे आणि शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर त्या वाळवंटात चालवणे. या संग्रहाची शास्त्रशुद्ध सूची करण्यासाठी त्यांनी मला बोलावले. बी. कॉम. झाल्यापासून एकतीस वर्षे मी जहाज कंपनीच्या गोदामात नोंदी ठेवल्या. जमालशेठ म्हणाले की, लोखंड मोजायला लोखंडासारखाच माणूस लागतो.

बंगला शहरापासून सहा मैलांवर, अल क्वोजकडच्या वाळूत आहे. आम्हांला दोन खोल्या, पुढे रुंद ओटा आणि त्यापलीकडे बंदुकांचा लांब हॉल. नोकरी स्वीकारण्यापूर्वी मी जमालशेठना एकच प्रश्न विचारला होता: पाणी. जहांआराचे एक मूत्रपिंड दोन वर्षांपूर्वी काढले. दुसऱ्याला दिवसाकाठी बारा ग्लास पाणी हवेच, कमी पडले तर मी जबाबदार नाही, असे डॉक्टरांनी बजावले आहे. येथील विहीर मचूळ आहे. परंतु दर चौथ्या दिवशी गोड्या पाण्याची गाडी येते आणि चार मोठे माठ भरले जातात. खात्री करून घेतली. प्रसन्न वाटते आहे.

मंगळवार, १४ मे

संग्रहात एकूण अकरा नग. लुईस तीन (वर ताटासारखी गोल चकती, सत्तेचाळीस गोळ्यांची), हॉचकिस तीन, व्हिकर्स चार आणि एक जुनी मॅक्सिम. व्हिकर्स व मॅक्सिम यांच्या नळीभोवती जाड नळकांडे असते, त्याला जॅकेट म्हणतात. त्यात सात पिंट पाणी भरावे लागते. अन्यथा नळी तापून निकामी होते. सुमारे सहाशे गोळ्यांनंतर पाणी उकळते आणि वाफ रबरी नळीतून बाहेरच्या डब्यात जाते.

ही माहिती यूनुसने दिली. तो येथील आर्मरर, म्हणजे बंदुका दुरुस्त करणारा. पूर्वी फौजेत हवालदार, गाव श्रीवर्धन. मॅक्सिमचे जॅकेट पितळी आहे. मी तिचा पूर्वेतिहास विचारला. यूनुस म्हणाला की, ही कुठल्याशा वाळवंटातल्या एका विहिरीवर लावलेली होती. तीन दिवस तिने कुणाला पाण्याजवळ येऊ दिले नाही. गोळीने मेले त्याहून तहानेने जास्त मेले. ठिकाण कोणते, मोहीम कोणाची, ते ती विकणाऱ्या गलबताच्या नाखव्यालाही ठाऊक नव्हते. सूचीत मी ‘स्थळ अज्ञात’ असे लिहिले.

शुक्रवार, १७ मे

आज प्रथमच नेमबाजी पाहिली. दोन टेकड्यांमधल्या सपाटीवर रिकामे डबे मांडले होते. जमालशेठ एका व्हिकर्सच्या तिवईमागे मांडी घालून बसले, गोळ्यांचा पट्टा यूनुसने सरकवला. ‘यल्ला!’ असे ओरडून त्यांनी घोडा दाबला. अडीचशे गोळ्या छत्तीस सेकंदांत संपल्या. ते लहान मुलासारखे हसत होते. म्हणाले की, इतरांनी बायका जमवल्या, मी या जमवल्या. साड्या मागत नाहीत, फक्त तेल मागतात. जहांआरा गाडीतून पुटपुटली की, आणि पाणी. इथल्या उन्हात प्यायचं पाणी लोखंडाला पाजणारा मानूस पयल्यांदा बघतेय.

मला आवाज सहन झाला. त्यानंतरची शांतता मात्र सहन झाली नाही. कारण सांगता येत नाही.

सोमवार, ३ जून

आज मोहरमची दहावी. जमालशेठनी आज नेमबाजी करायची नाही असे निक्षून सांगितले. जहांआराने गावच्या रिवाजाप्रमाणे सबील, म्हणजे पुण्याची पाणपोई, मांडली: ओट्यावर दोन नवे माठ, वर ओले फडके, बाजूला ग्लास. तहानेने प्राण गेलेल्यांच्या नावाने मी त्यावर फातेहा, मृतांसाठीची प्रार्थना, पढलो. ज्याला हवे त्याने यावे आणि प्यावे. दिवसभरात उंटवाले, लाकूडफाटावाले असे तेरा जण पिऊन गेले. एक माठ शिल्लक राहिला.

मंगळवार, ४ जून

जमालशेठचे एक इंग्रज पाहुणे आज अचानक आले. त्यांना दुपारची बोट गाठण्यापूर्वी मॅक्सिम चालवायची होती. यूनुसने पाणी मागितले. विहिरीचे खारट पाणी पितळ खाते. गोड्या पाण्याची गाडी संध्याकाळी यायची होती आणि घरातले पाणी जहांआराचे. उरला सबीलचा माठ. फातेहाचे पाणी पायदळी सांडू नये. ते जॅकेटमध्ये जाईल, वाफ होऊन आकाशात जाईल. म्हणजे वायाही जाणार नाही आणि त्याची बेअदबीही होणार नाही, असा मी हिशोब केला. जहांआरा म्हणाली की, ते पानी पिनाऱ्याच्या तोंडात जायला पायजे, तुमी त्याचं काय करताव? मी तिला विचार समजावून सांगितला. सात पिंट मी स्वतः मोजून ओतले.

तीन पट्टे, साडेसातशे गोळ्या. वाफ आली नाही. वाफेचा डबा कोरडा. यूनुसने जॅकेटला हात लावला आणि माझ्याकडे पाहिले. मीही हात लावला. पितळ गार होते. आत एक थेंब नव्हता. गळतीची जागा सापडली नाही.

जमालशेठ म्हणाले, खलास, जुनी बाई आहे, प्याली असेल. सगळे हसले. पाहुण्यांबरोबर तेही बहारीनला गेले आहेत, शनिवारी परततील. गाडी आणि ड्रायव्हर धक्क्यावरच थांबतील.

बुधवार, ५ जून

काल संध्याकाळी पाण्याची गाडी आली, चारही माठ भरले. सवयीने मी काठीवर खुणा करून पातळी नोंदवली होती. आज दुपारी तिसऱ्या माठात नऊ ग्लास कमी आहेत. जहांआराने फक्त पहिल्या माठातले घेतले. यूनुसने कोणत्याच माठाला हात लावलेला नाही. बाष्पीभवन धरूनही आकडा जुळत नाही. दोनदा मोजले.

गुरुवार, ६ जून

भर दुपारी बारा वाजता, मी हॉलमध्ये असताना, ओट्यावर कोणीतरी पाणी मागितले असे जहांआरा सांगते. शब्द नव्हते. जीभ टाळूला चिकटून सुटावी तसा आवाज, पुन्हा पुन्हा. तिला वाटले की वाळवंटातला कोणी भटका बदू असेल. आपल्यात मागणाऱ्याला पाणी नाकारत नाहीत. तिने दाराआडून ग्लास पुढे ठेवला. रिकामा ग्लास उपडा करून ठेवलेला मिळाला. पुन्हा आवाज. तिने एकामागून एक अकरा ग्लास दिले. मग बाहेर डोकावून पाहिले. ओट्यावर ऊन होते. वाळूत एकही पाऊल नव्हते.

संध्याकाळी तिला ताप चढला. १०१.४.

शुक्रवार, ७ जून

यूनुसला सर्व सांगितले, फातेहाच्या पाण्याचेही. तो म्हणाला की, मुश्ताकभाई, बंदुकीसमोर बसून जे पाण्यावाचून मेले, त्यांना तुम्ही त्याच बंदुकीतून त्यांच्या नावाचं पाणी पाजलंत. बोलावणं तुमचं. नाखव्याने तहानेने मेलेल्यांचा आकडा सांगितला होता, एक्केचाळीस. मी विचारले की, सर्वांना एकदा पाणी मिळाल्यावर ते जातील काय? तो म्हणाला की, तुम्ही कुणाला बोलावून अर्धपोटी परत पाठवता का? एक्केचाळीसही एका पाठोपाठ एक, प्रत्येकाला पुरा ग्लास पाजा, मध्ये थांबू नका, इन्शाल्ला जातील. थांबलात तर रांग पहिल्यापासून.

तो शहराकडे पायी निघाला आहे, गाडी आणतो म्हणाला. सहा मैल. दुपारचे ऊन. मी जहांआराला सोडून जाऊ शकत नाही, तिला नेऊही शकत नाही.

चार माठांत मिळून छप्पन्न ग्लास. मी विहिरीचेच मचूळ पाणी पितो; ते जहांआराला चालत नाही, आणि ओट्यावर ठेवले तर त्याला कोणी शिवत नाही.

शनिवार, ८ जून

गाडी आली नाही, पाण्याची नाही, यूनुसचीही नाही. जमालशेठही आले नाहीत.

जहांआराने सकाळपासून सात ग्लास घेतले. मी समोर बसून पाजले. तिचा गळा हलताना पाहिला. तरी ओठ फुटलेले, जीभ पांढरी. ती म्हणते की, घशाखाली उतरतंय, पन पोटात पोचत नाय ओ. मधेच कोनतरी घेतंय. सकाळपासून लघवी नाही.

आवाज आता ओट्यावर नाही. उंबऱ्याच्या आत आहे.

दुपारी मी मॅक्सिम हॉलबाहेर ओढली, वाळूत पुरावी म्हणून. खड्डा केला. पुरून परत आलो तर ती हॉलमध्ये जागेवर, नळी माझ्या दाराकडे. तिवईचे पाय ओले.

शिल्लक एकोणपन्नास.

रविवार, ९ जून

रात्री त्यांनी तिचे चार ग्लास घेतले. तिच्या तोंडातून. पंचेचाळीस उरले.

निर्णय घेतला. त्यांना एकदाचे पुरते द्यायचे, तिच्याजवळ येण्याचे कारणच ठेवायचे नाही. एक्केचाळीस त्यांचे. उरलेले चार तिचे. चार पुरतील काय? पुरले पाहिजेत. उद्या कोणीतरी येईलच.

तिला सांगितले. हसण्याचा प्रयत्न केला तिने. म्हणाली की, लग्नात पंगत वाढायला तुमाला कुनी उठवलं नव्हतं, आता वाढताव होय. मग म्हणाली की, मलाबी त्यातलं एक आधी देशीलाव काय? मी दिले नाही. आता दिले तरी वाटेत तेच घेणार, आणि एकदा सुरू केल्यावर मध्ये थांबायचे नाही, असे यूनुसने सांगितले होते. क्रम मोडला तर पहिल्यापासून. मी दिले नाही.

सोमवार, १० जून

सकाळी सात. ओट्यावर बसलो. जहांआरा आत पलंगावर, दार उघडे. पहिला ग्लास ठेवला. पातळी उतरत गेली, कोणी नसताना. उपडा झाला.

आठ वाजता — चौदा.

तिने एकदा हाक मारली. उत्तर दिले, उठलो नाही.

नऊ — सत्तावीस. ऊन ओट्यावर आले आहे. समोर हवा हलते, उन्हाने हलते तशी नाही. बसलेल्या माणसांच्या उंचीवर हलते.

तिने पुन्हा हाक मारली. फक्त पाणी म्हणाली. अजून चौदा जण, असे मी म्हणालो. मोठ्याने म्हणालो.

बत्तीस. ती आता हाक मारत नाही. झोपली असावी. झोप चांगली.

अडतीस. हात थांबवता येत नाही. मागे वळून पाहता येत नाही, ग्लास ठेवताना वळलो तर —

चाळीस.

एक्केचाळीस. उपडा झाला. समोरची हवा स्वच्छ. टेकड्या सरळ दिसतात. गेले. गेले सगळे. या अल्ला, गेले.

माठात चार ग्लास. ओतून घेतला पहिला, तिच्यासाठी. उठतोच आहे —

आवाज. जीभ टाळूपासून सुटल्याचा. ओट्यावर, रांगेच्या शेवटी.

बेचाळीस? चूक आहे. मोजणीत चूक नाही माझ्या. ग्लास मोजले, उपडे मोजले, वहीत प्रत्येक खूण आहे. एक्केचाळीसच. यूनुस म्हणाला होता एक्केचाळीस —

पुन्हा.

हा आवाज नुसता जिभेचा नाही. यात शब्द आहेत. म्हणते की, मी मागं बसलेय, माज्यासाठी थोडं ठेवलाव ना —

ग्लास वहीशेजारी आहे. आत पलंगावर काहीच हालचाल नाही. मी अजून तिकडे पाहिलेले नाही. ग्लास आधी कुठे न्यायचा, आत की —