दिवे लावले तरच लागणारा रेडिओ

ती. वन्संच्या सेवेशी,

धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार (कंबर वाकते तेवढा). तुमचे गुडघे कसे आहेत? मागच्या पत्रात डाव्याची तक्रार होती, उजव्याबद्दल चकार शब्द नव्हता, तेव्हा तो बरा असावा असं धरून चालले आहे. इकडे देवाच्या कृपेने आम्ही दोघंही ठीक. माझं काही मागणं नाही, सहज सवड झाली म्हणून लिहायला बसले. गाडी विकून टाकण्याचा तुम्ही ह्यांना दिलेला सल्ला पोचला. त्रेसष्टाव्या वर्षी माणसाने ट्रक कशाला हाकावा, हे तुमचं म्हणणं वडीलकीला शोभणारंच आहे. त्यावर मी एक अक्षर बोलले नाही. (बोलणार होते, पण पत्र वाचून हे लगेच आंघोळीला गेले.)

आता मूळ हकिकत. गाडीबरोबर कारखान्यातूनच आलेला रेडिओ गेल्या महिन्यात अचानक बंद पडला. तुम्ही म्हणाल, पडेना का. पण वन्सं, तुमचे भाऊ घरात दिवसाला चार वाक्यं बोलतात, त्यातली दोन चष्मा कुठे आहे ही असतात. गाडीत मात्र रेडिओ लागला की ह्यांना वाचा फुटते. बातम्या देणाऱ्याशी वाद, हवामान सांगणाऱ्याला खोटं पाडणं, मग गाणं, मग मला मागच्या जन्मीच्यासुद्धा गोष्टी. मुलं आपापल्या संसाराला लागल्यापासून सुताराच्या कारखान्यातली कपाटं पोचवायला मी ह्यांच्याबरोबर जाते. कपाटांच्या कोपऱ्यांना जुनी पांघरुणं बांधायची, हे माझं खातं. खरं सांगायचं तर पांघरुणं हे निमित्त. रेडिओ गेला आणि हे गाडीतही मुके झाले. आठ दिवसांनी एकदाच बोलले, ते हे, की आता गाडीत बोलायला कोणी राहिलं नाही. (मी शेजारीच बसले होते, मांडीवर टेबलाचा खण घेऊन.) मग तुमचं पत्र आलं आणि ह्यांनी निकाल देऊन टाकला. रेडिओ लागला तर गाडी ठेवायची, नाही तर भंगारवाल्याला द्यायची. भंगारवाला येत्या शनिवारचा वायदा करून गेला. नवा रेडिओ घ्या म्हटलं, तर जुन्या खाचेत तो बसत नाही आणि खाच कापायला ह्यांचा हात होत नाही.

रेडिओ काढायला काय, दोन स्क्रू, असं हे म्हणाले आणि मागच्या गुरुवारचा अख्खा दिवस गेला. आधी दोन्ही बटणं ओढून काढली, त्यांच्याखाली नट निघाले, नटांखाली चौकट निघाली आणि चौकटीच्या मागे एक पट्टी, जिच्यापर्यंत ह्यांचा पंजा काही जाईना. शेवटी बांगड्या काढून मी कोपरापर्यंत हात घातला. (राखेची पेटीही काढावी लागली. तिच्यात माझा हरवलेला केसांचा आकडा, तीन गुंड्या आणि थोरल्या लेकीचा शाळेचा बिल्ला मिळाला. धुऊन ठेवला आहे.) रेडिओ अर्धा बाहेर आला आणि अडला. मागचा प्लग उन्हातान्हाने वितळून त्याचा गोळा झालेला, तारा कापण्यावाचून गत्यंतर नव्हतं. तारा आठ आणि तेल-धुराने आठही काळ्या ठिक्कर. कोणती कुठली, नंतर कसं ओळखणार?

इथे मला आपली सकाळची प्रार्थना सुचली. तुम्हाला मी काय सांगणार, सासूबाईंनीच ती मला पहिल्या दिवशी शिकवली. दया, क्षमा, शांती, सद्बुद्धी, धीर, आरोग्य, अन्न, समाधान, ही आठ मागणी, तारा आठ. देवच सुचवतो म्हणायचं. मी जखमेच्या चिकटपट्टीचे तुकडे करून त्यावर हे शब्द सुवाच्य अक्षरांत लिहिले आणि गाडीकडच्या बाजूला एकेका तारेवर डकवले. रेडिओकडचे तुकडे आखूड, तिथे शब्द मावेना, म्हणून तिथे नुसता आकडा घालायचं काम ह्यांच्याकडे. जी तार आधी हाताला येईल ती मी कापायची आणि शब्द पुकारायचा, ह्यांनी प्रार्थना बोटांवर मोजून तिचा आकडा घालायचा. परत जोडताना आकडा बघायचा आणि शब्द लावायचा. मॅट्रिकला मला गणितात चांगले गुण होते, हे तुम्हाला आठवत असेल.

चौकातल्या रेडिओवाल्याला आम्ही भिंगवाले म्हणतो, कारण कपाळावरचं भिंग ते जेवतानाही काढत नसावेत. त्यांनी रेडिओ उघडला, आतली धूळ फुंकली, एक सुटलेला टाका जोडला, एक सुकलेला कपॅसिटर बदलला, आवाजाच्या बटणात कसलासा फवारा मारला आणि टेबलावर वीज देताच रेडिओ गाऊ लागला. ह्यांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना, इतका तो लहान मुलासारखा हरखला होता. निघताना भिंगवाल्यांनी बजावलं की एक तार चावी फिरवली की वीज आणते, तिच्यावर रेडिओ चालतो. दुसरी गाडीचे दिवे लावले की वीज आणते, तिच्यावर स्टेशन दाखवणाऱ्या काट्यामागचा छोटा दिवा लागतो. या दोघींची गल्लत करू नका. आम्ही एकमेकांकडे बघून हसलो. आमच्याकडे प्रार्थना होती.

जोडणी मी केली, तोंडाने पुटपुटत, आकडा बघून शब्द, शब्द बघून पीळ, वरून काळी चिकटपट्टी. ह्यांनी चावी फिरवली. काट्यामागचा दिवा देव्हाऱ्यातल्यासारखा शांत उजळला आणि आवाज म्हणून नाही. रेडिओ पुन्हा काढून भिंगवाल्यांकडे नेला. टेबलावर गातो. गाडीत आणला, मुका. (तुमच्या भावाचाच रेडिओ, गुण घेणारच.) दुसऱ्या दिवशी तीन दारांचं कपाट घेऊन निघालो, बोगदा आला, ह्यांनी दिवे लावले आणि कोणीतरी कानाशी ओरडून बाजारभाव सांगू लागलं. ह्यांचा पाय ब्रेकवर, कपाट माझ्या पाठीमागे दाणकन. बोगदा संपला, दिवे बंद, बाजारभाव बंद. पुन्हा दिवे, पुन्हा बाजारभाव. मग काय, तो सगळा दिवस आम्ही लख्ख उन्हात दिवे लावून फिरलो. समोरून येणारा प्रत्येक जण हात करून दिवे दाखवायचा आणि हे प्रत्येकाला हात जोडून नमस्कार करायचे. त्या एका दिवसात ह्यांची गावभर ओळख झाली.

परवा भिंगवाले स्वतःच गाडीत डोकावले आणि म्हणाले, "काकू, चावीची आणि दिव्याची तार अदलाबदल झाली आहे. आकडे घातले कोणी?" गाडीकडच्या पट्ट्या वाचल्या तर त्या दोन तारा म्हणजे अन्न आणि शांती. मी म्हटलं, माझी प्रार्थना चुकणार नाही. हे म्हणाले, माझी तर जन्मापासूनची आहे. शेवटी भिंगवाल्यांसमक्ष दोघांनी हात जोडून ती मोठ्याने म्हणायची ठरली. दया जमली, क्षमा जमली. तिसऱ्याला मी शांती म्हटलं, हे अन्न म्हणाले. भिंगवाल्यांनी भिंग वर केलं.

वन्सं, चौतीस वर्षं मी पुढे उभी राहून मोठ्याने म्हणते, हे दोन पावलं मागे पुटपुटतात. ओठ हलताना दिसायचे, काय हलतंय ते कोण बघतं? म्हणजे मी शांती मागत होते तेव्हा हे जेवण मागत होते. (मी वळून बघेपर्यंत हे कधी कधी पानावर बसलेले असत, त्याचा उलगडा आता झाला.) मी रागावणारच होते, पण हे स्टिअरिंगवर हात ठेवून बोलू लागले. लहानपणी मामंजींच्या कामाचा भोंगा व्हायचा आणि प्रार्थना चौथ्या-पाचव्या मागण्यावरच तुटायची. अन्न सातवं. सहा वर्षांच्या मुलाला वाटलं, ते कधी देवापर्यंत पोचतच नाही. म्हणून त्याने ते गुपचूप तिसऱ्यावर आणलं आणि शांतीला मागे बसवलं. शांती काय, उशिरा मिळाली तरी खराब होत नाही, असं हे म्हणाले. हे तुम्हाला कळवू नको असंही म्हणाले, म्हणून दुसऱ्या कोणाला कळवलेलं नाही. त्या दिवशी वाढताना हात जरा सैल सोडला, इतकंच. भिंगवाले तारा पाच मिनिटांत बदलून देतो म्हणाले, हे राहू दे म्हणाले, आणि मीही राहू दे म्हणाले.

येणेप्रमाणे सर्व क्षेम. डाव्या गुडघ्याला शेक देत जा. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमची धाकटी भावजय

ता. क. मागणं नाही म्हटलं खरं, पण एक आहे. रेडिओ लागला, तरी गाडी ठेवायचं हे काही बोलत नाहीत. विचारलं की आक्काचा शब्द म्हणून गप्प होतात. तुमचा शब्द तुम्हीच परत घेऊ शकता. शनिवारच्या आत "गाडी ठेव" एवढं एक कार्ड टाका. कारण लागलंच तर तुमचं ते अवजड कपाट हलवायचं आहे असं लिहा, मग ते न हलवलं तरी चालेल. मला गाडीचं काही नाही हो. तिथे हे बोलतात.

ता. क. दुसरा (अक्षर माझं आहे, आक्का. ही शेजारी डिंक आणायला गेली आहे.) भंगारवाल्याला मी परवाच नको म्हणून सांगून आलो. रेडिओ लागल्यावर शब्द पाळायला हवा, तू रागावलीस तरी. हिला सांगणार होतो, पण ही चार दिवस हे पत्र लिहिते आहे आणि लिहिताना मध्ये बोललेलं हिला खपत नाही. आता पत्राची गरज नाही. तरी टाकतो, कारण तिकीट लावून झालं आहे.