वाळू थुंकणारे मासे

३ मार्च
मेहुण्याच्या फिशटँकपुढे बायको अर्धा-अर्धा तास उभी राहते. माझ्यापुढे पाच मिनिटं उभी राहिलेली आठवत नाही. ठरलं. आफ्रिकेतल्या सरोवरातली खास जोडी मागवली. झेनोटिलापिया. मेहुण्याला नावसुद्धा उच्चारता येणार नाही.

९ मार्च, सकाळी
जोडी आली. रंग वाळूचा. वाळूवर सोडली आणि दोन्ही गायब. बायको म्हणाली, टँक छान आहे, मासे कधी आणणार?

११ मार्च
शी! दिवसभर एकच उद्योग. तोंडभर वाळू घ्यायची, चघळायची, थुंकायची. समोर बसून जेववत नाही. बायको म्हणे, खाणं शोधतात बिचारे. मग मी टाकतो ते दाणे काय शोभेचे आहेत? शिस्त लावणार.

१५ मार्च
नराने वाळूत बशीएवढा खड्डा केला. मी झाऱ्याने सपाट केला. त्याने पुन्हा केला. मी पुन्हा सपाट. माझ्यापुढे माशाचं काय चालणार!
संध्याकाळी: खड्डा. शिवाय झारा बायकोने फेकून दिला.

१८ मार्च
लिहवत नाही. मादीने अंडी घातली आणि माझ्या डोळ्यांदेखत गिळली. एकूण एक. नर शेजारी बघत उभा! असलं निर्लज्ज जोडपं माझ्या घरात?

२० मार्च
मादी खात नाही. गालफडं सुजलीत. अपचन, दुसरं काय! औषध टाकणार होतो, बायकोने बाटलीच काढून घेतली. म्हणाली, अहो, गिळली नाहीत, तोंडात धरलीत. पिल्लं होतील. भाबडी आहे. आईचं काळीज सगळ्यांनाच नसतं, असं समजुतीने सांगितलं. उठून आत गेली.

२७ मार्च
कहर. मादीने तोंडातलं सगळं नराच्या तोंडात ओकलं. आणि त्याने मुकाट घेतलं! बायको म्हणाली, बघा, बापसुद्धा करतो. आपली मुलगी तान्ही असताना तुम्ही एकदा तरी उठलात का? विषय कुठून कुठे! मेहुण्याला फोन केला, फुकट घेऊन जा म्हणालो. मन मोठं लागतं. बायको बादली मांडीवर घेऊन त्याच्या गाडीतून गेली. जेवायला येईल.

२९ मार्च
आली नाही. घरात छान शांतता. भरपूर वाचन करायचा विचार आहे.

७ एप्रिल
मेहुण्याकडे पिल्लं झाली. बायकोचा फोन. आवाज आधी ओळखूच आला नाही, इतकी हसत होती. मूळ जोडी माझी, हे ऑफिसात सगळ्यांना सांगितलं. उद्या जाऊन पिल्लांच्या संगोपनावर चार शब्द बोलेन. तिला घेऊनही येईन.

८ एप्रिल
नवा शर्ट घालून गेलो. तांदळाच्या कणीएवढी पिल्लं, दोन्ही बाजूंना आई-बाप. माहिती द्यायला वाकलो, तर दोघांनी भराभर सगळी पिल्लं तोंडात घेतली. मेहुण्याची धाकटी म्हणाली, काका, तुम्ही लांब उभे राहा ना, ते घाबरतात. बायकोनेही तेच सांगितलं, फक्त हळू आवाजात.
दाराशी जाऊन उभा राहिलो. पिल्लं पुन्हा बाहेर आली असावीत. सगळे एकदम हसले, त्यावरून कळलं.